वाचणाऱ्यांचा तुटवडा

१२ एप्रिल २०१८ रोजी सायमन रिग्ज यांनी पोस्टग्रेस डेटाबेसमधून बराच मोठा कोड काढून टाकला. तो त्यांनीच त्या महिन्याच्या सुरुवातीला आत घातला होता. हा कोड 'मर्ज' नावाच्या आज्ञेचा होता. नोंद आधीपासून असेल तर बदला, नसेल तर नवी घाला, हे एका दमात सांगण्याची ती सोय. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये ती केव्हाच आली होती आणि पोस्टग्रेस वापरणारे ती वर्षानुवर्षं मागत होते. रिग्ज यांच्यासोबत या कामावर राबलेले प्रमुख प्रोग्रॅमर होते पुण्याचे पवन देओलसी. आज्ञा चालत होती, तिच्या चाचण्याही सोबत होत्या. रिग्ज स्वतः कमिटर, म्हणजे मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार असलेले. तरीही त्यांनी माघार घेतली, कारण ज्यांनी तो कोड वाचला त्यांचं समाधान झालं नव्हतं.

पीटर गेगन यांनी या कोडचं बारकाईने वाचन केलं होतं. एकाच वेळी दोन व्यवहार त्याच नोंदीला हात घालतात तेव्हा नेमकं काय व्हावं, हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. टॉम लेन आणि अँड्रेस फ्रॉइंड यांचा आक्षेप आणखी खोल होता. आज्ञा वाचल्यावर डेटाबेस स्वतःसाठी तिची जी अंतर्गत मांडणी करतो, ती मांडणीच त्यांना पटली नव्हती. त्या वर्षीच्या आवृत्तीत नवं काही घेण्याची मुदत संपत आलेली. अशा वेळी 'आता जाऊ दे, पुढे सुधारू' हा मोह कुठल्याही कार्यालयात जिंकतो. इथे तो जिंकला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अकरावी आवृत्ती 'मर्ज'शिवाय बाहेर पडली. पुढे आल्वारो हेरेरा यांनी ते काम उचललं, अमित लांगोटे यांचाही हात लागला, मांडणी बदलली, आणि मार्च २०२२ मध्ये हेरेरा यांनी 'मर्ज' कमिट केलं. वापरणाऱ्यांच्या हाती ते पंधराव्या आवृत्तीतून ऑक्टोबर २०२२ मध्ये पडलं. वाचणाऱ्यांच्या शंकांची किंमत चार वर्षं होती, आणि ती किंमत योग्य होती असं माझं ठाम मत आहे.

पोस्टग्रेसचा कुणी मालक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. विद्यापीठाने तो सोडल्यावर १९९६ मध्ये जगभरातल्या मूठभर प्रोग्रॅमरांनी तो सांभाळायला घेतला, तेव्हाच त्याला पोस्टग्रेएसक्यूएल हे नाव मिळालं. आज बँका, रुग्णालयं, सरकारी खाती यांच्या नोंदी त्यात असतात. पण या कोडमध्ये थेट बदल करू शकणारी माणसं तीसच्या आसपास आहेत. बाकी कुणाला काही बदलायचं असेल तर त्याने पॅच, म्हणजे 'जुनं काय काढायचं आणि नवं काय घालायचं' याची फाइल, सगळ्यांसमोर मांडायची आणि वाट पाहायची.

वाट कशाची, तर कुणीतरी ती वाचण्याची. गिटहबवर पोस्टग्रेसची प्रत आहे, पण ती केवळ प्रत. तिथे बटण दाबून कोड आत जात नाही. पॅच जाहीर मेलिंग लिस्टवर जोडपत्र म्हणून येतो, त्यावर आक्षेप येतात, मग दुसरी आवृत्ती, तिसरी, चौथी. मोठ्या कामात विसावी-तिसावी आवृत्तीही नवलाची नसते. वाचणारा आधी साध्या गोष्टी पाहतो. पॅच आजच्या कोडवर बसतो का, बांधणी नीट होते का, जुन्या चाचण्या पास होतात का, नव्या चाचण्या आणि दस्तऐवज सोबत आहेत का. हल्ली यातलं बरंचसं यंत्रच करतं. न्यूझीलंडच्या थॉमस मन्रो यांनी सुरू केलेला बॉट प्रत्येक पॅच ताज्या कोडवर लावून लिनक्स, विंडोज, मॅक आणि फ्रीबीएसडीवर चालवून पाहतो. खरं वाचन त्यानंतर सुरू होतं. हा बदल मुळात हवा का? वीज गेली, डिस्क भरली, दुसरा व्यवहार मध्येच रद्द झाला, तर काय होईल? दहा वर्षांनी हा कोड कुणाला समजेल का?

या पद्धतीला आजचं रूप आलं त्यामागे पुण्याचा धागा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी खोडली जात नाही, तिच्याशेजारी नवी लिहिली जाते. त्यामुळे वाचणाऱ्या व्यवहाराला लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागत नाही. पण याचा भार मोठा होता. खात्यावरची शिल्लक बदलली, तरी खाते क्रमांकाच्या, नावाच्या, शाखेच्या प्रत्येक इंडेक्समध्ये, म्हणजे नोंद पटकन शोधायच्या सूचीत, नवी कडी घालावी लागे, मग त्या रकान्यांत काहीही बदललेलं नसो. २००६ च्या अखेरीस यावर 'हॉट' नावाची कल्पना पुढे आली. तिच्या पहिल्या आराखड्यात नोंदीच्या नव्या प्रती वेगळ्या जागी ठेवायच्या होत्या. चर्चेत तो आराखडा बदलला. नवी प्रत त्याच पानावर ठेवायची, जुन्या प्रतीपासून तिच्याकडे बोट दाखवायचं आणि इंडेक्सला हात लावायचाच नाही, असं ठरलं. हे काम देओलसी यांनी तडीस नेलं. सर्वांत अवघड प्रश्न निघाला तो आधीच अशा साखळ्या असलेल्या टेबलावर नवा इंडेक्स बांधताना काय करायचं हा. त्याचे आराखडे २००७ च्या पूर्वार्धात पुन्हा पुन्हा मोडून मांडले गेले. अखेर २० सप्टेंबर २००७ रोजी टॉम लेन यांनी 'हॉट' कमिट केलं. कोडसोबत त्यांनी एक सविस्तर टिपण ठेवलं, ते आजही मूळ कोडमध्ये आहे. आवृत्ती ८.३ च्या निवेदनात या सुधारणेपुढे देओलसींचं नाव आहे आणि 'अनेकांच्या कल्पनांसह' अशा अर्थाची नोंदही आहे. ती नोंद मला नावाइतकीच महत्त्वाची वाटते.

८.३ मात्र फेब्रुवारी २००८ पर्यंत रखडली. नवं काही घेण्याची मुदत २००७ च्या वसंतातच संपली होती, पण 'हॉट'सारखे मोठे पॅच वाचायला माणसं पुरेनात आणि रांग तुंबली. लिहिणारे वर्षभर लिहीत आणि सगळं ओझं शेवटच्या महिन्यांत मोजक्या कमिटरांच्या डोक्यावर येई. यातून मार्च २००८ मध्ये पहिला कमिटफेस्ट भरला. ठरावीक काळात नवं लिहिणं बाजूला ठेवायचं आणि रांगेतले पॅच वाचून संपवायचे. तो पहिला ठरल्याहून लांबला. पुढे वर्षातून चार-पाच वेळा असे काळ ठरू लागले. २००९ मध्ये रॉबर्ट हास यांनी त्यासाठी एक वेब ॲप लिहिलं. प्रत्येक फेरीला एक स्वयंसेवक व्यवस्थापक असतो. त्याच्याकडे हुकूम देण्याचा अधिकार नसतो, फक्त विचारत राहण्याची चिकाटी लागते. पॅचपुढे स्थिती लिहिलेली असते : वाचायचा आहे, लेखकाकडे परत गेलाय, कमिटरसाठी तयार आहे, सूचनांसह परत, नामंजूर. एक अपेक्षा मात्र सगळ्यांकडून असते. तुम्ही एक पॅच दिलात, तर तेवढ्याच तोलाचा दुसऱ्याचा एक वाचा.

हा परस्परांचा हिशेब गावच्या इर्जिकीसारखा आहे. आज सगळे तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. फरक एवढाच की इथे लिहिण्याची हौस फार आणि वाचण्याची कमी. अलीकडच्या मार्चमधल्या फेऱ्यांमध्ये तीनशेच्या आसपास पॅच रांगेत असतात. त्यातले कित्येक पुढच्या फेरीत ढकलले जातात. नकार मिळाला तर लेखकाला निदान कारण कळतं. अनेक पॅच कुणी न वाचताच विरून जातात. या पद्धतीतला सगळ्यात मोठा अन्याय मला तोच वाटतो. नव्या माणसाने महिनाभर खपून काही पाठवावं आणि उत्तरच येऊ नये, यात माणूस कायमचा तुटतो.

नकाराचीही एक कहाणी देओलसींच्याच कामात आहे. जुलै २०१६ मध्ये उबर कंपनीने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसकडे गेल्याची कारणं जाहीर केली. एक रकाना बदलला तरी सगळे इंडेक्स पुन्हा लिहावे लागतात, ही त्यातली मुख्य तक्रार. 'हॉट'मुळे ती अंशतःच सुटली होती, कारण एखाद्याही इंडेक्समधला रकाना बदलला की 'हॉट' लागू होत नसे. देओलसींनी 'वॉर्म' नावाचा पॅच मांडला : ज्या इंडेक्सचा रकाना बदलला, तेवढ्याच इंडेक्समध्ये नवी कडी. दहाव्या आवृत्तीसाठी त्यावर महिनोन् महिने चर्चा झाली, बांधणी बदलली, मोजमापं झाली. पॅच आत गेला नाही. ज्यांना या बदलाचा फायदा नाही अशा कामांवर किती भार पडेल, आणि साठवणुकीच्या इतक्या आतल्या थरात चूक राहिली तर काय, हे प्रश्न मिटले नाहीत.

ती भीती पोकळ नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये टेबलांना एकमेकांशी बांधणाऱ्या परकीय-कळा (फॉरिन की) तपासताना लागणाऱ्या कुलपांचं काम हलकं करणारा मोठा बदल, दीर्घ चर्चेनंतर, ९.३ साठी आत गेला होता. ९.३ बाहेर पडल्यावर त्या कोडमध्ये डेटा बिघडवू शकणाऱ्या चुका एकामागून एक सापडत गेल्या, आणि त्यांच्या दुरुस्त्या २०१५ पर्यंत चालू राहिल्या. तो कोड लिहिणारे आणि वाचणारे सगळे जाणते होते. वाचनाने सगळ्या चुका पकडल्या जातात, असं म्हणणं खोटं ठरेल. वाचन झालेलं असतं तेव्हा चूक सापडल्यावर ती समजू शकणारी माणसं एकाहून अधिक असतात, हा त्याचा मोठा उपयोग. पोस्टग्रेसच्या कमिटमध्ये लेखक, वाचक आणि चर्चेचा दुवा अशा ओळी सहसा असतात. एखादी ओळ अशी का आहे, हे दहा वर्षांनीही शोधता येतं.

अशी माणसं नसली की काय होतं, हे २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळलं. पोस्टग्रेसचेच कमिटर अँड्रेस फ्रॉइंड आपल्या यंत्रावर डेटाबेसचा वेग मोजत होते. दूरवरून लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसरवर अकारण ताण येतोय, हे त्यांच्या नजरेत आलं. माग काढत ते एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्या प्रकल्पापर्यंत पोचले. लिनक्सच्या असंख्य प्रणाली त्यावर विसंबून होत्या, आणि तो वर्षानुवर्षं एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. 'जिया तान' या नावाने कुणीतरी २०२१ पासून त्याला मदत करत विश्वास मिळवला, हळूहळू सहसांभाळकर्त्याचा अधिकार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. घातक भाग चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला होता. तो जागा करणारी ओळ तर उघड कोडसाठ्यात नव्हतीच, वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. ज्या प्रकल्पात दुसरा वाचणाराच नाही, तिथे अधिकार मिळवायला सातत्याने नम्र पत्रं लिहिणं पुरतं. तो चोरदरवाजा बहुतेक स्थिर प्रणालींत पोचण्याआधी सापडला, तो कुठल्याही व्यवस्थेमुळे नव्हे, तर एका माणसाला अर्धा सेकंद खटकला म्हणून.

पोस्टग्रेसला स्वयंसेवी म्हणताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यातले बरेच सक्रिय लोक आज कंपन्यांचा पगार घेऊनच हे काम करतात. एंटरप्राइझडीबी या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयातून कित्येक पॅच निघाले आहेत. अकराव्या आवृत्तीत विभागलेल्या टेबलांची जोडणी विभागागणिक करण्याची सुधारणा आशुतोष बापट यांच्या नावावर आहे. पण कमिटचा अधिकार माणसाचा असतो, कंपनीचा नाही. २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट ही कंपनी विकत घेतली, तेव्हा प्रकल्पाच्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे निम्म्याहून अधिक लोक झाले. तिथला संकेत याविरुद्ध होता. टीमने फ्रॉइंड आणि जोनाथन कॅट्झ या बाहेरच्या दोघांना घेऊन तोल पुन्हा सांभाळला. कंपनी लिहिण्याचे पैसे देते, कारण पॅच तिच्या ग्राहकाला दाखवता येतो. दुसऱ्याचा पॅच वाचण्यात घालवलेला आठवडा कुठल्या वार्षिक मूल्यमापनात दिसत नाही. म्हणून खरं स्वयंसेवी काम आज कुठलं असेल, तर वाचनाचं. पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांनी लिहिण्याइतकंच याकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कमिटर असण्याची तर मुळीच नाही. कमिटफेस्टच्या यादीतून वाचणाऱ्याचं नाव नसलेला एखादा लहान पॅच निवडायचा. तो आपल्या यंत्रावर लावायचा, बांधायचा, चाचण्या चालवायच्या, मग मुद्दाम वाकड्या आज्ञा देऊन पाहायच्या. दस्तऐवजातलं वाक्य वाचून कळत नसेल तर तेही लिहायचं, कारण नवख्याला न कळणं हासुद्धा पॅचचा दोष असू शकतो. काय चालवलं आणि काय दिसलं, ते सगळ्यांसमोर उत्तरात मांडायचं. पॅच आत गेला तर कमिटमध्ये वाचक म्हणून नाव लागतं. फेऱ्या जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये असतात, आणि मार्चची रांग सर्वांत लांब असते.