नाडीची नोंद

मनगटाच्या आतल्या बाजूस, अंगठ्याच्या खाली, हलकेच बोट ठेवा. बोटाला ठोके लागतात. हृदय आकुंचन पावले की रक्ताच्या दाबाची लाट रोहिणीतून पुढे जाते. हीच नाडी. उर्दूत तिला नब्ज म्हणतात. हकीम आणि वैद्य नाडी पाहतात. चीनमधील पारंपरिक वैद्यही फार जुन्या काळापासून नाडी पाहत आले आहेत.

चिनी वैद्य रुग्णाच्या मनगटावर तीन बोटे ठेवतो. त्या तीन जागांना त्सुन, ग्वान आणि छ्र अशी नावे आहेत. तो आधी हलका, मग मध्यम आणि शेवटी जोराचा दाब देतो. दोन्ही हातांची नाडी तो अशीच पाहतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात वांग शुहे या वैद्याने नाडीवर ग्रंथ लिहिला. त्यात नाडीचे २४ प्रकार सांगितले आहेत. 'निसरडी' नाडी ताटात घरंगळणाऱ्या मोत्यांसारखी लागते, तर 'ताणलेली' नाडी वाद्याच्या तारेसारखी लागते, असे हे वैद्य म्हणतात.

पण येथेच अडचण येते. एका वैद्याला जी नाडी निसरडी वाटते, ती दुसऱ्यालाही तशीच वाटेल असे नाही. मग रुग्णाने कोणाचे खरे मानावे? शिष्याने तरी कसे शिकावे?

१८६० च्या सुमारास फ्रान्समधील शास्त्रज्ञ मारे यांनी नाडीची लाट कागदावर उमटवणारे यंत्र वापरले. आज हेच काम लवचीक संवेदक करतात. संवेदक म्हणजे बदल टिपणारे साधन. मनगट गोल आणि मऊ असते. त्यावर कडक पट्टी सगळीकडे सारखी टेकत नाही. रबरासारखी पातळ, वाकणारी पट्टी मात्र कातडीला चिकटून बसते. ठोका पडला की पट्टी किंचित दबते आणि तिच्यातील विजेचा प्रवाह बदलतो. संगणक त्या बदलाचे आकडे करतो. तीन बोटांच्या जागी तीन संवेदक ठेवता येतात.

समजा, एका मिनिटात ७५ ठोके पडतात. म्हणजे एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो. संवेदकाने सेकंदात २०० वेळा मोजले, तर एका ठोक्याचे १६० आकडे मिळतात. त्यांवरून लाटेचा आलेख काढता येतो. तो जपून ठेवता येतो आणि दहा वैद्यांना दाखवता येतो.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. यंत्र लाट मोजते. लाटेचा अर्थ मोजत नाही. कोणती नाडी निसरडी, हे संगणकाला माणसेच शिकवतात. त्यांच्यातच एकमत नसेल, तर संगणकही गोंधळेल. शिवाय अमुक नाडी म्हणजे अमुक आजार, हे अनेक रुग्ण तपासूनच ठरवावे लागते. नोंद चांगली असली, तर अशी तपासणी करता येते. जे खरे ठरेल ते ठेवावे, जे खोटे ठरेल ते सोडावे. जुन्या विद्येचा खरा मान यातच आहे.