लहान आहे, विसरेल?

तंजावरचे पदच्युत राजे अमरसिंह भोसले ज्या तिरुविडैमरुदूर येथे राहिले, तेथून कुंभकोणम अगदी जवळ. याच कुंभकोणममध्ये १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. जी वाचली, त्यांच्या मनाचे काय?

‘लहान आहे, विसरेल’, असे आपण सहज म्हणतो. परंतु तीन-चार वर्षांचे मूल भीती विसरतेच असे नाही. अनेकदा त्याला ती सांगता येत नाही, इतकेच. झोपेत दचकणे, तोच प्रसंग पुनःपुन्हा खेळणे, चुलीजवळ न जाणे, ही त्याची भाषा असते.

अशा तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी अमेरिकेतील डॉ. मायकेल शीरिंगा व सहकाऱ्यांनी बारा सत्रांची विचार-वर्तन उपचारपद्धती तयार केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांचा त्रास कमी झाल्याचे आढळले. यात मूल घडलेला प्रसंग चित्रांतून मांडते, भावना ओळखते, मन शांत करण्यास शिकते आणि भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जाते: आधी ज्योतीचे चित्र, मग दुरून दिसणारी समई. आई किंवा वडील या उपचारात आरंभापासून सहभागी असतात.

म्हणून मुलाला ‘विसर’ म्हणण्यापूर्वी त्याचे चित्र जवळ बसून पाहावे. त्रास महिनाभर टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.