बारामती व इंदापूर तालुक्यांतील रेल्वे

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील शेजारी तालुके आहेत. इंदापूर तालुक्याच्या उत्तर भागातून मुंबई–चेन्नई हा मुख्य लोहमार्ग जातो, तर बारामती हे दौंडहून येणाऱ्या शाखामार्गाचे अंतिम स्थानक आहे. हे दोन्ही मार्ग मध्य रेल्वेच्या अखत्यारीत येतात. इंदापूर तालुक्यात रेल्वे १८५८ सालीच पोहोचली. तथापि इंदापूर शहराला आजही रेल्वेस्थानक नाही.

इतिहास

मुख्य मार्ग

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने सोलापूरच्या दिशेने मार्ग बांधण्यास प्रारंभ केला. खंडाळा–पुणे हा टप्पा १४ जून १८५८ रोजी, तर पुणे–डिकसळ हा टप्पा १५ डिसेंबर १८५८ रोजी खुला झाला. त्या वेळी बोरघाटातील काम अपूर्ण असल्याने मुंबईच्या प्रवाशांना घाट रस्त्याने ओलांडावा लागे. घाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. भीमेकाठचे डिकसळ हे काही काळ या मार्गाचे शेवटचे ठिकाण होते. १८५९ मध्ये मार्ग नदीपलीकडे वाढविण्यात आला व १८६० मध्ये तो सोलापूरपर्यंत पोहोचला.

बारामती शाखा

नीरा डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात ऊस वाढला आणि बारामती ही गुळाची मोठी बाजारपेठ बनली. दौंड–बारामती हा सुमारे ४४ किलोमीटरचा मार्ग १९१४ मध्ये सुरू झाला. तो २ फूट ६ इंच रुंदीचा अरुंदमापी मार्ग होता. दोन्ही मार्गांची रुंदी भिन्न असल्याने दौंड येथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. पुढे या मार्गाचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाल्यावर ही अडचण दूर झाली.

उजनी धरणाचा परिणाम

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयामुळे डिकसळ परिसरातील लोहमार्ग नव्या मार्गाने वळवावा लागला. डिकसळजवळचा जुना रेल्वेपूल त्यानंतर रस्ता-वाहतुकीसाठी वापरात आला आणि इंदापूर व करमाळा तालुक्यांतील गावांना जोडणारा दुवा ठरला.

सद्यस्थिती

भिगवण हे इंदापूर तालुक्यातील प्रमुख स्थानक आहे. इंदापूर शहर पुणे–सोलापूर महामार्गावर असल्याने तेथील दळणवळण मुख्यतः रस्त्यानेच होते. दौंड–बारामती मार्गावर शिर्सुफळ व कटफळ ही स्थानके असून या मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे.

बारामती–फलटण–लोणंद हा सुमारे ६४ किलोमीटरचा नियोजित मार्ग या भागासाठी महत्त्वाचा आहे. त्यापैकी लोणंद–फलटण टप्प्यावर २०१९ मध्ये गाडी सुरू झाली आणि ३० मार्च २०२१ रोजी पुणे–फलटण सेवेचा प्रारंभ झाला. लोणंद हे पुणे–मिरज मार्गावर आहे. त्यामुळे बारामती–फलटण टप्पा जोडला गेल्यावर मिरजेकडील गाड्यांना पुण्यास वळसा न घालता दौंड गाठता येईल, आणि १९१४ पासून शेवटचे स्थानक राहिलेले बारामती दोन मुख्य मार्गांमधील दुवा बनेल.