पॅट समिट : कायदा झाल्यानंतरचे काम

कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला, असे आपण पुष्कळदा समजतो. आम्हां कामगार संघटनेत वावरणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. कायदा दार उघडतो. आत पाऊल माणसांनाच टाकावे लागते. अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षिका पॅट समिट यांचे आयुष्य हा त्याचा चांगला दाखला आहे.

या बाई १९५२ साली टेनेसी राज्यातील एका शेतकरी कुटुंबात जन्मल्या. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून घरच्यांनी बिऱ्हाडच शेजारच्या जिल्ह्यात हलविले. तेथील शाळांत मुलींचा संघ सहाजणींचा असे. तिघींनी एका अर्ध्या मैदानात बचाव करायचा, तिघींनी दुसऱ्यात चढाई. मधली रेषा ओलांडायची नाही. पूर्ण मैदान धावणे मुलींना झेपणार नाही, ही त्यामागची समजूत! टेनेसीत हा प्रकार १९७९ पर्यंत चालला.

१९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हे कलम मंजूर झाले. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये, हे त्याचे सार. दोनच वर्षांनी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅट टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षिका झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाचे गणवेश डोनट विकून जमविलेल्या पैशांचे. ते धुवायचे बाईंनी आणि सामन्याला जाण्याची गाडी हाकायची तीही बाईंनीच. कायदा पुस्तकात होता. मैदानावर तो अजून यायचा होता.

त्यांनी तो आणला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्या खेळाडू म्हणून रौप्यपदक विजेत्या संघात होत्या. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिलांनी सुवर्णपदक मिळविले. १९८७ ते २००८ या काळात टेनेसीने आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. ३८ हंगामांत १०९८ विजय आणि २०८ पराभव! निवृत्तीच्या वेळी वरच्या श्रेणीतील कोणाही स्त्री वा पुरुष प्रशिक्षकाच्या नावावर इतके विजय नव्हते.

मला मात्र दुसरीच गोष्ट मोठी वाटते. खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, असा त्यांचा दंडक होता. टेनेसीत खेळाची पूर्ण मुदत पुरी केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली.

२०११ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजाराचे निदान झाले. ते त्यांनी जगजाहीर केले, आणखी एक हंगाम काम केले, २०१२ मध्ये पद सोडले. २०१६ मध्ये त्या वारल्या.

आता एक कडू गोष्ट. १९७२ च्या सुमारास अमेरिकी महाविद्यालयांतील मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पुढे पगार वाढले, मान वाढला, आणि पुरुष त्या जागांकडे वळले. आज सर्व खेळ मिळून हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. फुकटात राबायचे होते तोवर जागा बायकांची! तात्पर्य, मिळविलेला हक्क कोणाच्या हाती राहतो, यावरही पहारा ठेवावा लागतो.