छातीवरचं यंत्र आणि वहीतली वेळ

बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. त्यात एक तक्रार हमखास असते. "मधूनच छातीत धडधडतं, ठोका चुकल्यासारखं वाटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते." घरचे म्हणतात, तू टेन्शन घेतेस. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असते आणि ईसीजीची पट्टी चांगली येते. मग बाईला स्वतःलाच वाटायला लागतं, की हा आपल्या मनाचा खेळ असेल. अशा वेळी डॉक्टर कधीकधी घरी घालून जायचं एक यंत्र देतात. त्याला होल्टर म्हणतात.

साधा ईसीजी साधारण १० सेकंदांचे ठोके टिपतो. आपल्या हृदयाचे ठोके दिवसाला जवळजवळ १ लाख पडतात. त्या १० सेकंदांतच बिघाड सापडेल असं नाही. होल्टर मात्र २४ किंवा ४८ तास, कधी त्याहून जास्त दिवस, एकेक ठोका नोंदवत राहतं. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी ते पहिल्यांदा बनवलं, तेव्हा त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं आणि ते पाठीवर वाहावं लागायचं. आज ते तळहातावर मावतं. छातीवर चिकट चकत्या लावतात, त्यांच्या वायरी यंत्राला जोडतात आणि यंत्र कमरेला किंवा गळ्यात अडकवतात. त्यातून अंगात वीज जात नाही. ते फक्त लिहून घेतं.

जायच्या आधी आंघोळ करून जा, कारण यंत्र काढेपर्यंत अंगावर पाणी घेता येत नाही. छातीला तेल, पावडर, क्रीम लावू नका, चकत्या निसटतात. पुढून बटणं असलेलं सैल पोलकं घाला. चकत्या लावायला बाई हवी असेल तर नर्सताईंना बोलवा, असं मोकळेपणाने सांगा. मंगळसूत्र चकत्यांना घासत असेल तर ते काढायचं का, तेही तिथेच विचारा. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. यंत्राचे पैसे किती आणि अनामत किती, हे आधीच विचारून घ्या. सरकारी रुग्णालयात ही सोय आहे का, याचीही चौकशी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र लावलं म्हणून झोपून राहायचं नाही. आमच्याकडच्या एका ताईंना यंत्र लावलं, तेव्हा सासूबाईंनी मायेपोटी त्यांना दिवसभर जागचं हलू दिलं नाही. नोंद अगदी शांत आली आणि यंत्र पुन्हा लावावं लागलं. ताईंची धडधड व्हायची ती हंडा घेऊन चढ चढताना. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर झाडलोट, स्वयंपाक, शेतातली चक्कर, सगळं रोजच्यासारखं करा. फक्त भिजायचं काम दुसऱ्या दिवसावर टाका. मोबाईल पोलक्यात खोचू नका, वीतभर लांब ठेवा. लोहचुंबक आणि विजेची डीपी यांच्या जवळ जाऊ नका. चकती सुटली तर दाबून बसवा आणि दवाखान्यात फोन करून विचारा.

दुसरं काम वहीचं. यंत्राला ठोका कळतो, पण तुम्हाला काय झालं ते कळत नाही. ते तुम्हीच लिहायचं. असं लिहा:

सकाळी ६.१० – हंडा आणला. धडधड. २ मिनिटांनी बसल्यावर थांबली.
दुपारी १.३० – जेवण, गोळी घेतली. त्रास नाही.
रात्री ११.१५ – झोपेतून दचकून उठले, ठोका चुकल्यासारखा.

यंत्र लावताना तिथल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घ्या. लिहिता येत नसेल तर मुलीला, सुनेला सांगा. काही यंत्रांवर त्रास होताच दाबायचं बटण असतं. डॉक्टर वहीतली वेळ आणि यंत्रातली नोंद शेजारी ठेवून पाहतात. त्या वेळी ठोके अनियमित निघाले तर दुखणं सापडलं. काही अनियमित ठोक्यांमध्ये हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाते आणि लकवा होऊ शकतो. वेळेत कळलं तर त्यावर औषधं आहेत.

रिपोर्ट चांगला आला, तरी बाई खोटं सांगत होती असा त्याचा अर्थ नाही. कदाचित त्या दिवशी त्रास झालाच नसेल, मग डॉक्टर जास्त दिवसांचं यंत्र सुचवतात. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड वाढलेलं असलं तरी धडधडतं. ते रक्त तपासल्यावर कळतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. छातीत जोरात दुखलं, दम लागला, घाम सुटला किंवा चक्कर येऊन पडलात, तर यंत्र काढायच्या वेळेची वाट पाहायची नाही. लगेच १०८ ला फोन करा.

आणि गटातल्या कुणाला हे यंत्र लागलं, तर लावायला जाताना एकीने तिच्याबरोबर जावं. जाताना एक वही आणि पेन घ्यायला विसरू नका.