हिरवळीला चहा, पण बिनसाखरेचा

आल्यागेल्याला चहा विचारणे हा आपला धर्मच; पण अंगणातल्या हिरवळीलाही चहा पाजतात, हे आम्हांला फ्रीमाँटला आल्यावरच कळले. चांगले मुरलेले कंपोस्ट कापडी पिशवीत बांधायचे, ५ गॅलनच्या बादलीत बुडवायचे, माशांच्या टाकीला लावतात तसा छोटा पंप लावून दिवसभर, फार तर दीड दिवस, पाण्यात हवा सोडायची आणि ते पाणी गवतावर शिंपायचे. खतातले सूक्ष्म जीव पाण्यात उतरून वाढतात. हाच कंपोस्ट चहा.

हे ऐकताच आमच्यातला गावाकडचा माणूस जागा झाला. विदर्भाच्या सुभाष पाळेकरांनी शेतकऱ्यांपर्यंत पोचवलेले जीवामृत याच जातीचे! २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. इथे गोमूत्र कुठले? मग आम्ही निदान गुळाचा चांगला मोठा खडा बादलीत टाकला. नेमकी रात्री पंपाची वायर निघाली. सकाळी असा दर्प सुटला की गॅस गळतो आहे समजून सौ.नी सगळी दारे-खिडक्या उघडली.

दर्प परवडला, त्याला निदान नाक आहे. पण गुळावर नुसते चांगलेच जीव पोसतात असे थोडेच आहे? २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने नेमलेल्या गटाने याच धोक्याकडे बोट दाखवले. खतात ई. कोलाय किंवा साल्मोनेला नावापुरते उरले असतील, तरी मळीसारख्या गोड पदार्थावर ते झपाट्याने वाढू शकतात. आमची नात याच गवतावर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. त्या दिवसापासून बादलीत गूळ बंद.

दुसरी चूक पाण्याची. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते, असे आम्ही धरून चाललो होतो. पण आपल्या आल्मेडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्टच्या पाण्यात क्लोरामाइन असते आणि ते असे सहजी उडत नाही. त्यावर क जीवनसत्त्वाची गोळी कुटून टाकावी; १००० मिलिग्रॅमची एक गोळी आंघोळीच्या टबभर पाण्याला पुरते, तेव्हा बादलीला चतकोर पुष्कळ झाली.

एवढा खटाटोप करून हिरवळ हिरवीगार होते का? खरे सांगायचे तर चहाने होते असा भक्कम पुरावा नाही. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट गेली अनेक वर्षे हेच सांगत आल्या आहेत. चहात नत्र असून असून असणार किती! आमच्या चिकणमातीला गुण आला तो सरळ कंपोस्टचाच. शरद ऋतूत जमिनीला भोके पाडून वर पाव इंच चाळलेले खत पसरले आणि कापलेले गवत पोत्यात न भरता तिथेच पडू दिले. दुसऱ्या वर्षी पाणी मुरू लागले. पूर्वी ते रस्त्याकडे धावत असे.

रस्त्यावरून आठवले. नासलेला चहा गटारात ओतू नका. इथल्या रस्त्याकडेच्या गटारांचे पाणी शुद्ध न होताच ओढ्यांतून खाडीत जाते. तो खताच्या ढिगावरच ओतावा.

एवढे कळूनही वसंतात एखादी बादली आम्ही करतोच. हौसेला मोल नसते. ती संध्याकाळी शिंपतो, आणि दुसऱ्या दिवशी गवत खडखडीत वाळेपर्यंत नातीची रवानगी पडवीत.