अडगळ कोणती – घरातली की मनातली?

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात होमर आणि लँग्ले कॉलियर हे दोघे भाऊ राहत. होमर अंध झाला होता. त्याला पुन्हा दिसू लागले की मागच्या बातम्या वाचता याव्यात, म्हणून लँग्ले वर्तमानपत्रे जपून ठेवी. मार्च १९४७मध्ये पोलिसांना घरात होमर मृतावस्थेत सापडला. लँग्लेचा मृतदेह सापडायला आणखी १८ दिवस लागले. चोरांसाठी रचलेला सामानाचा सापळा त्याच्याच अंगावर कोसळला होता. दोघां भावांत अंतर होते जेमतेम १० फूट! घरातून १४ पियानोंसह १०० टनांहून अधिक सामान निघाले.

साठेखोर म्हटले की आपल्याला भाववाढीची वाट पाहणारा व्यापारी आठवतो. येथे नफ्याचा संबंध नाही. माळ्यावर चार रिकामे डबे ठेवणे हाही विकार नव्हे. वस्तू टाकायच्या विचारानेच जीव कासावीस होतो आणि स्वयंपाकघरात स्वयंपाक, पलंगावर झोप अशक्य होते, तेव्हा त्याला संचयविकार म्हणतात. पूर्वी तो मंत्रचळाचाच प्रकार समजला जाई. २०१३मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

मग अडते कुठे? २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा रुग्णांना टपालाने आलेले कागद दाखवून ‘ठेवायचा की फाडायचा?’ असे विचारले. त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण चालू होते. कागद दुसऱ्याचा असताना निर्णयाशी संबंधित काही भाग इतरांच्या तुलनेत मंद राहिले. कागद स्वतःचा असताना मात्र तेच भाग प्रमाणाबाहेर उद्दीपित झाले. म्हणजे अडचण आळसाची नसून निर्णयाची आहे.

म्हणूनच माणूस घरी नसताना सगळे रद्दीवाल्याला देऊन टाकणे हा उपचार नव्हे. घर पुन्हा भरते आणि विश्वास मात्र तुटतो. बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण स्वतःच एकेक वस्तू हाती घेतो. ‘ही टाकली तर नेमके काय बिघडेल?’ याचा अंदाज करतो, वस्तू टाकतो आणि अंदाज खरा ठरला का ते पाहतो. नवे काही न घेता दुकानातून परतण्याचाही सराव करतो. हे काम कित्येक महिने चालते. अनेकांना फरक पडतो, पण सर्वांचा विकार पूर्ण जात नाही.

या विकाराची लक्षणे पुष्कळदा शालेय वयातच डोकावतात. तेव्हा तुटकी पेन्सिल टाकताना रडवेल्या होणाऱ्या मुलाचे दप्तर आपण परस्पर रिकामे करू नये. त्याच्याजवळ बसावे आणि आधी एकच वस्तू त्याला निवडू द्यावी.